एक डाउनलोड म्हणजे एक विक्री बुडाली, हा हिशोब कुणाला पटतो का?

सूरवेडा: मंडळी, म्युझिक कंपन्या पायरसीमुळे अमुक इतके कोटी बुडाले असं सांगतात तेव्हा बरेचदा प्रत्येक फुकट डाउनलोड म्हणजे गेलेलं गिऱ्हाईक असंच धरलेलं असतं. पण फुकट मिळतंय म्हणून ढीगभर गाणी उतरवून ठेवणारा माणूस ती सगळी विकत थोडीच घेणार होता? चोरी बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये. हा हिशोब कुणी नीट तपासलाय का एवढंच विचारायचंय.

आडाचौताल: तपासलाय की. 2007 मध्ये ओबरहोल्झर-जी आणि स्ट्रम्फ या दोन अर्थतज्ज्ञांचा पेपर आला, त्यात डाउनलोडचा अल्बमच्या विक्रीवर परिणाम जवळजवळ शून्य निघाला. त्यावर टीकाही भरपूर झाली, बाकी काहींना बऱ्यापैकी नुकसान दिसलं, त्यामुळे हाच एक पेपर धरून बसू नका. मला जास्त खटकते ती कोर्टातली मागणी. लाइमवायर या गाणी फुकट वाटून घ्यायच्या प्रोग्रामच्या केसमध्ये कंपन्यांना एकेका गाण्यामागे जितक्या लोकांनी उतरवलं तितक्या वेळा भरपाई हवी होती, 2011 मध्ये न्यायाधीशांनीच सांगितलं की असं मोजलं तर आकडा वेड्यासारखा फुगेल, आणि शेवटी तडजोड झाली 10.5 कोटी डॉलरवर!

रात्रीचा_रियाज: आणि ही ओरड जुनीच आहे हो. 80 च्या दशकात ब्रिटनमध्ये म्युझिक कंपन्यांच्याच संघटनेची मोहीम होती की घरी कॅसेट भरून घेतल्याने संगीत मरतंय. मेलं का? उलट त्यानंतर सीडी आली आणि 1999 पर्यंत धंदा चढतच गेला. तेव्हा सीडी महाग का होती तेही बघा, 2000 मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने (बाजारातल्या गैरव्यवहारांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) पाच मोठ्या म्युझिक कंपन्यांना पकडलं, दुकानदारांनी ठरलेल्या किमतीखाली जाहिरात करू नये म्हणून यांनी अटी घातल्या होत्या, त्यात गिऱ्हाइकांचे अंदाजे 48 कोटी डॉलर जास्तीचे गेले. अशांनी नैतिकता शिकवावी?

मिक्सिंगवाला: कंपन्यांना झोडा, माझी ना नाही. पण मी छोट्या बँडांचं रेकॉर्डिंग करतो. ज्यांच्यामागे लेबलच (म्हणजे म्युझिक कंपनी) नाही, स्टुडिओचं भाडं स्वतःच्या खिशातून भरलंय, त्यांचं गाणं फुकट फिरलं की थेट त्यांनाच फटका बसतो. कंपनी लबाड आहे म्हणून या पोरांचे पैसे बुडवायचे का?

सूरवेडा: नाही, अजिबात नाही, आणि मला राग त्याचाच येतो. कंपन्या प्रत्येक वेळी कलाकाराला पुढे करतात, पण लेबलचा करार केलेल्या कलाकाराची रॉयल्टी आधी ॲडव्हान्स आणि रेकॉर्डिंगच्या खर्चात वळती होते, ते सगळं फिटेपर्यंत त्याच्या हातात त्यातलं काही येत नाही, गाणं विकत घेतलं तरीही. म्हणजे तुमच्या बँडकडून थेट घेतलेलं गाणं आणि लेबलकडून घेतलेलं गाणं यात फरक आहेच ना?

मिक्सिंगवाला: आहे, मोठा फरक आहे. म्हणून तर सांगतोय, थेट घ्या.

आडाचौताल: अजून एक, जगभरातली कमाई 2014 च्या आसपास तळाला गेली आणि मग वर आली ती स्ट्रीमिंगच्या वर्गणीमुळे. सामान्य लोकांवर केसेस टाकायचा सपाटा 2003 पासून सुरू होता, त्याने कमाई काही सावरली नाही. सोय दिली तेव्हा लोकांनी पैसे दिले.