पश्चिमेची गच्ची, बोअरचं पाणी आणि करपलेला मोगरा (सोलापूर)

गच्ची_शेळगी:
दुसऱ्या मजल्यावरची गच्ची, दुपारी बारापासून सूर्यास्तापर्यंत ऊन. बारा इंची २५ कुंड्या: मोगरा, जास्वंद, गुलाब, कढीपत्ता. माती शेतातली काळी. नळ चार दिवसांआड, म्हणून कुंड्यांना बोअरचंच पाणी. मातीवर पांढरा थर धरतोय, मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्यात. जास्वंदीची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. हिरवी जाळी किती टक्क्यांची घ्यावी? २०० लिटरच्या ड्रमवर ठिबक चालेल का?

काळी_रान:
जाळी नंतर, आधी माती. नुसती काळी माती कुंडीत घालूच नये. ओली झाली की चिकटून बसते, मुळं गुदमरतात. वाळली की आकसते आणि कडेला फट पडते. मग ओतलेलं पाणी फटीतून सरळ खाली जातं, मधला गोळा कोरडाच. खालच्या भोकातून पाणी आलं म्हणजे झाडाला मिळालं, असं समजू नका.

पण आत्ता उन्हाळ्यात कुंड्या बदलू नका, मुळं दुखावली की झाड सावरत नाही. पाऊस सुरू झाला की बदला: दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. तोवर सळईने चार-पाच भोकं पाडा, अर्धं पाणी घाला, दहा मिनिटांनी उरलेलं. वर दोन इंच उसाचं पाचट पसरा, खोडाला चिकटू देऊ नका.

पांढरा थर क्षारांचा. वरची अर्धा इंच माती खरवडून टाका. नळ येईल त्या दिवशी पाळीपाळीने एक-दोन कुंड्या भरपूर गोड्या पाण्याने धुऊन काढा. एसीचं पाणी चालतं. आरओचं वाया जाणारं पाणी अजिबात नको, त्यात क्षार जास्तच असतात.

हिरवीजाळी:
५० टक्के, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली मोगरा नुसता लांब फांद्या काढतो, कळ्या धरत नाही. सात-आठ फुटांवर बांधा, पश्चिमेला उभा पडदाही सोडा. तिरकं ऊन आणि झळ तिथूनच येते. जुन्या चादरी बांधायचा मोह टाळा (सोलापुरात घरोघरी असतातच), त्यांनी वारा अडतो. बोगनवेल, अडेनियम लावलंत तर जाळीबाहेर.

जास्वंदीला लोह मिळत नाहीये. चुनखडीच्या मातीत आणि अशा पाण्यात हिराकस (फेरस सल्फेट) घातला तरी लोह बांधलं जातं, मुळांना मिळत नाही. ईडीडीएचए चिलेटेड लोह (अशा मातीतही मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह) घ्या: लिटरला १ ग्रॅम, कुंडीला अर्धा लिटर, ओल्या मातीत. पिवळी पानं हिरवी होतीलच असं नाही. नवी पालवी बघून ठरवा.

ठिबक_१६एमएम:
ड्रम पुरेल. जाळीखाली कुंडीला रोज दीड लिटर धरलं तर २५ कुंड्यांना साडेसदतीस, चार दिवसांचे १५० लिटर.

अडचण दाबाची. ड्रम तीन फुटांवर ठेवला तर दाब ०.१ बारसुद्धा नाही. दुकानदार प्रेशर कंपेन्सेटिंग ड्रिपर (दाब कमीजास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे) देऊ बघतो. ते इतक्या कमी दाबावर धड चालत नाहीत. साधे, उघडून साफ करता येणारे घ्या. ड्रिपरवर लिहिलेलं ताशी ४ लिटर हे १ बार दाबाला असतं, इथे सव्वा लिटरच्या आसपास पडेल. बाटली लावून मोजाच. सगळे ड्रिपर एका पातळीत हवेत, नाहीतर खालच्या कुंडीत चिखल आणि वरची कोरडी. ड्रमच्या तोटीला जाळीचा फिल्टर लावा. बोअरच्या पाण्याने भोकं बुजतात. महिन्यातून एकदा ड्रिपर व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवा.

गच्ची_शेळगी:
संध्याकाळी कामावरून आल्यावर सोडलं तर?

ठिबक_१६एमएम:
पहाटेच बरं. मे महिन्यात काळी नळी दिवसभर स्लॅबवर तापते, सुरुवातीचं पाणी कढत येतं. संध्याकाळीच जमत असेल तर शेवटचं बूच काढून नळीतलं पाणी आधी बादलीत घ्या, मग बूच लावा.