मदत हवी आहे : राउटरचा कुठला मॅक ॲड्रेस कळवायचा?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मुलं भरतीचा अभ्यास करतात, म्हणून घाई आहे. नवा राउटर बसवलाय. नेटवाले म्हणतात, मॅक ॲड्रेस (नेटवर्कच्या पोर्टचा ओळख क्रमांक) कळवा, मग लाइन चालू. पण कुठला? खालच्या स्टिकरवर एक आहे, पण राउटरचे पोर्ट दाखवणाऱ्या 'आयपी लिंक' कमांडमध्ये वॅनचा, म्हणजे बाहेरून नेट येतं त्या पोर्टचा, शेवटचा अंक वेगळा. पहिले ३ बाइट, म्हणजे कंपनीची ओळख, दोन्हीकडे सारखे. माझ्या मते केबल वॅनमध्येच जाते, तर वॅनचाच द्यावा. बरोबर ना?

शिवाय वॅनपुढे 'अप' दिसतं, पण 'नो-कॅरियर'सुद्धा. म्हणजे इंटरफेस चालू, समोरून सिग्नल नाही, असं मी धरतोय. लाइट आहे, कन्व्हर्टरचा (फायबरवरचा सिग्नल राउटरच्या केबलवर आणणारा डबा) पॉवरचा दिवा पेटलाय, केबलही बदलून पाहिली. आता पुढे काय तपासू?