वर्षभर फुकट म्हणजे नेमकं काय

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० ही संगणक-प्रणाली "वर्षभर फुकट" देऊ केली, तेव्हा "पहिलं वर्ष फुकट, मग पैसे भरा" असा अर्थ काहींनी काढला; तो चुकीचा होता. वर्षाची मुदत होती ती अपग्रेड, म्हणजे जुन्या विंडोजवरून नव्यावर जाणं, उरकून घेण्यासाठी. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं. तेव्हापासून वर्षभरात विंडोज ७ किंवा ८.१ वरून उडी मारली की त्या मशीनवर ते तुमचंच, वर्गणी वगैरे काही नव्हती. त्याहून जुन्या एक्सपी-व्हिस्टावाल्यांना मात्र विकतच घ्यावं लागणार होतं. ऑफिसातल्या एंटरप्राइझ आवृत्तीलाही ही सवलत नव्हती.

मला तेव्हा खटकलं ते वेगळंच. घरगुती वापराच्या होम आवृत्तीत अपडेट नाकारायची सोय नव्हती, ते आपोआप बसणार होतं. इंटरनेटच्या डोंगलवर महिन्याला दोन जीबी पुरवून वापरणाऱ्याने करायचं काय? नुसतं अपग्रेडच तीन जीबीच्या आसपास होतं!

स्क्रीनवरच्या घड्याळाशेजारच्या आयकॉनवरून अपग्रेडचं बुकिंग केलेल्यांना घाबरायचं कारण नव्हतं, ते रद्द करता येत होतं. आवडलं नाही तर महिन्याभरात जुन्यावर परतताही येत होतं, पण आधी बॅकअप घ्यायलाच हवा होता. मी तेव्हा तूर्तास ७ वरच राहिलो. आमच्या म्हाताऱ्या प्रिंटरला नवा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) मिळतो का, ते आधी बघायचं होतं.