डोमेन आधीचं, ट्रेडमार्क नंतरचा. तरी हातातून जाऊ शकतं का?

पाटीपेन्सिल: शब्दकोशातला साधा शब्द, डॉट कॉम २००८ मध्ये घेतलेलं. त्याच शब्दाचा ट्रेडमार्क एका कंपनीने २०१९ मध्ये नोंदवला आणि आता वकिलाची नोटीस आली आहे: डोमेन द्या, नाहीतर यूडीआरपी (डोमेनवरचे वाद कोर्टाबाहेर पंचांकडून सोडवायची आंतरराष्ट्रीय पद्धत). अशा वेळी नेमकं काय करायचं?

नावगाव: कागदावर बाजू भक्कम आहे. यूडीआरपीत तक्रारदाराला तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव मार्कशी जुळतं, तुमचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि डोमेन वाईट हेतूने घेतलं 'आणि' वापरलं. मार्कच नंतरचा असेल तर तो मनात धरून २००८ मध्ये डोमेन कसं घेणार? मात्र कंपनीच्या अर्जातली 'वापर केव्हापासून' ही तारीख आधी बघा. ती २००५ निघाली तर चित्र बदलतं. दरवर्षीचं नूतनीकरण नवी नोंदणी धरत नाहीत, पण डोमेन दुसऱ्याच्या नावावर केलंत तर तारीख नव्याने मोजली जाऊ शकते. आत्ता मालकी हलवू नका.

नोटिशीला 'किती देता?' असं उत्तर तर मुळीच नको. तीच मेल वाईट हेतूचा पुरावा म्हणून जोडली जाते.

खोडरबर: खरी मेख मुदतीत आणि पैशात आहे. कारवाई सुरू झाल्यापासून उत्तराला २० दिवस. मागितले तर आणखी ४. सूचना नोंदणीतल्या मेलवर येते, तो पत्ता बंद पडलेला असला की निकाल एकतर्फी. कुठल्या संस्थेकडे जायचं हे तक्रारदार ठरवतो. वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) एका पंचाचे १५०० डॉलर तोच भरतो, पण तुम्ही तीन पंच मागितलेत तर ४००० पैकी निम्मे तुमच्या माथी. आणि खोटी तक्रार करून तो हरला तरी दंड शून्य! निकालात 'उलट डोमेन-बळकावणी' असा शेरा येतो, बस्स.

पाटीपेन्सिल: आणि हरलो तर?

खोडरबर: कामकाजाच्या १० दिवसांत कोर्टात दावा लावून त्याची प्रत रजिस्ट्रारला (ज्या कंपनीकडे डोमेन नोंदवलंय तिला) पोचली पाहिजे, नाहीतर हस्तांतर. ते कोर्टही तक्रारदाराने आधीच निवडलेलं असतं: एकतर तुमच्या पत्त्याचं, नाहीतर रजिस्ट्रारच्या मुख्यालयाचं. रजिस्ट्रार परदेशी असेल तर खर्चाचा अंदाज करा.

नावगाव: डॉट इन असतं तर नियम निक्सीचे (डॉट इन सांभाळणारी भारतीय संस्था), आणि तिथे 'आणि'च्या जागी 'किंवा' आहे. डोमेन प्रामाणिकपणे घेतलं तरी नंतरच्या वापरावरून जाऊ शकतं. पार्किंगचं पान (साइट नाही, नुसत्या जाहिराती) असेल तर त्यावरच्या जाहिराती रोज तपासा. त्या आपोआप लागतात हा बचाव सहसा चालत नाही, आणि कंपनीच्या स्पर्धकाची एक जाहिरात नेमकी स्क्रीनशॉटमध्ये सापडते.