चुका आता सुबक मराठीत येतात (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कच्चा खर्डा
१७ वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करून पोट भरतोय. औषधाच्या खोक्यातली घडीची पत्रकं, विम्याच्या अटी, मिक्सरची पुस्तिका, नव्या औषधांच्या चाचण्यांची संमतिपत्रकं. खाली नाव छापून येत नाही असलं काम. शब्दाला दीड रुपया मिळायचा. आता बहुतेक मजकूर यंत्राने मराठी करूनच येतो आणि मी 'फक्त नजर टाकायची' असते. याला पोस्ट एडिटिंग म्हणतात. शब्दाला ४० पैसे.

पैशाचं रडगाणं गायला आलो नाही (थोडं आलोय, पण ते बाजूला ठेवू). गेल्या महिन्यात एका संमतिपत्रकाच्या सूचनांमध्ये हे वाक्य होतं: 'डॉक्टरांनी सांगितल्यास या गोळीसोबत इतर वेदनाशामक घेऊ नका.' वाचायला कसं गुळगुळीत आहे बघा. मी दोनदा वाचून पुढे गेलो. तिसऱ्यांदा मूळ इंग्रजी पाहिलं तर तिथे 'अनलेस' होतं. म्हणजे 'सांगितल्याखेरीज घेऊ नका'. एक 'खेरीज' गळलं आणि अर्थ उलटा झाला.

दहा-बारा वर्षांपूर्वी यंत्र 'डिस्चार्ज'चं भाषांतर 'रुग्णाचा स्राव सकाळी ११ वाजता होईल' असं करायचं. आम्ही पोट धरून हसायचो आणि दुरुस्त करायचो. ती चूक लांबून ओरडून सांगायची, मी चूक आहे. आताची चूक इस्त्रीचे कपडे घालून येते.

माझं म्हणणं एवढंच, की मराठी मजकुराचा पूर आलाय आणि त्यातला बराचसा कोणीही पूर्ण वाचलेला नाही. पूर्वी छापलेली ओळ लेखक, कंपोझिटर (छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा) आणि मुद्रितशोधक अशा तिघांच्या तरी नजरेखालून गेलेली असायची.

उंटावरचा शहाणा
मग तपासायचं कामही यंत्रालाच द्या की. ४० पैसेही वाचतील.

नांदेडचा पाहुणा
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग पुण्यात इंजिनिअरिंग. पहिल्या सेमिस्टरला थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला मी नुसता फळा उतरवून घ्यायचो. एन्ट्रॉपी म्हणजे काय हे मला रात्री दीड वाजता मोबाइलमधल्या एआयने समजावलं, मराठीत, चार वेळा, न चिडता. चौथ्यांदा त्याने शेगडीवरच्या पातेल्याचं उदाहरण दिलं तेव्हा डोक्यात उजेड पडला.

मराठीतून इंजिनिअरिंग शिकायला परवानगी मिळाली २०२१ साली. त्याच वर्षी आयआयटी मुंबईने पाठ्यपुस्तकं भाषांतरित करायला 'उडान' प्रकल्प जाहीर केला, तोही यंत्राच्या मदतीने. त्याआधीची इतकी वर्षं तुमचा तो तीन नजरांखालून गेलेला शुद्ध मजकूर माझ्या विषयात होता कुठे? तुम्ही चुकीचं मराठी आणि बरोबर मराठी यांची तुलना करताय. आमच्याकडे निवड होती ती चुका असलेलं मराठी आणि काहीच नाही, यांच्यात.

आई सोयाबीनचं पिवळं पडलेलं पान दाखवून फोनला विचारते. पिवळा मोझॅक आहे, पांढरी माशी पसरवते, हे तिला शेताच्या बांधावर उभ्या उभ्या कळतं. ती तुमचं 'खेरीज' वाचायला बसलेली नाही.

गॅलीप्रूफ
एक दुरुस्ती. कंपोझिटर वाचत नसतो. मी पंधरा वर्षं खिळे जुळवले, म्हणून सांगतो. खिळ्यावरचं अक्षर उलटं, जोडाक्षरांमुळे मराठीच्या केसमध्ये (खिळे ठेवायच्या पेटीत) घरं इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त, हात सवयीने चालायचा. संध्याकाळी कोणी विचारलं असतं की आज काय जुळवलं, तर मला सांगता आलं नसतं. लग्नपत्रिका की श्रद्धांजली, एवढंच कळायचं, तेही वरच्या चित्राच्या ब्लॉकवरून. गणपती असला तर लग्न.

डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी) आलं आणि आम्ही घरी बसलो. तेव्हा तुमच्यापैकी कोणी हळहळल्याचं आठवत नाही. उलट सगळ्यांनी हौसेने संगणक घेतले. आता पाळी तुमची.

तालुका कोर्ट
मी वकिली करते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' हे सॉफ्टवेअर आणलं. आता मराठीत निकाल मिळू लागलेत आणि अशील ते स्वतः वाचून येतात, हे मला मोलाचं वाटतं. पूर्वी 'वकीलसाहेब म्हणतील ते' असा कारभार होता, आता प्रश्न विचारतात. (माझा वेळ जातो, पण ते असो.)

पण त्या भाषांतरासोबत लिहिलेलं असतं की हे फक्त पक्षकाराला समजण्यापुरतं आहे, बाकी सगळ्यासाठी इंग्रजी निकालच ग्राह्य. म्हणजे चूक निघाली तर कुठे बोट ठेवायचं ते ठरलेलं आहे. खर्डेसाहेब, तुमच्या संमतिपत्रकावर रुग्ण सही करतो ती मराठी मजकुराखाली ना? त्याने इंग्रजी पाहिलेलंही नसणार. मग त्या मराठीला जबाबदार कोण?

कच्चा खर्डा
मीच. भाषांतर अचूक आहे असं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यावर माझी सही असते. नजर ४० पैशांची, सही पूर्ण किमतीची.

उंटावरच्या शहाण्यांना: यंत्राने तपासलं होतं हो. अशा कागदांचं उलट भाषांतर करायची पद्धत आहे, मराठीवरून दुसऱ्या माणसाने पुन्हा इंग्रजी करायचं आणि मुळाशी ताडून पाहायचं. हल्ली तेही यंत्र करतं. त्याने 'सांगितल्यास घेऊ नका' वाचलं, आपल्या समजुतीने 'असं कोण लिहील' म्हणून सावरून घेतलं, आणि इंग्रजीत 'अनलेस' पुन्हा हजर! दोन्ही इंग्रजी तंतोतंत जुळली, आणि मधलं मराठी चुकीचंच राहिलं. माणूस असता तर अडखळला असता. तो अडखळतो त्याचेच पैसे असतात.

नांदेडच्या मित्रा, एन्ट्रॉपीचं तुझं मान्य. पूर्ण मान्य. आम्ही मिक्सरच्या पुस्तिका करत बसलो, कारण पैसे तिथे होते. पण तू ते समजलं की नाही हे दुसऱ्या दिवशी गणित सोडवून पाहू शकलास. गोळी घेणाऱ्याकडे तसं गणित नसतं.

विदाखाऊ
थोडं तांत्रिक. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींच्या वर आहेत, पण त्या मानाने नेटवर मराठी मजकूर फारच तुटपुंजा. यंत्रं त्यावरच शिकतात. त्यात आता यंत्रानेच केलेलं मराठी मिसळतंय आणि पुढचं यंत्र ते वाचून शिकणार. यंत्राचाच मजकूर यंत्राला पुन्हापुन्हा भरवला तर ते बिघडत जातं, विशेषतः विरळ वापराच्या गोष्टी आधी विसरतं, असं दाखवणारा शोधनिबंध २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला होता. इंग्रजीला खोल विहीर आहे. आपलं आडातच कमी.

'आनंद घ्या' आणि 'च्या माध्यमातून' असलं साचेबंद मराठी एवढंच उरेल बहुधा.

नांदेडचा पाहुणा
'च्या माध्यमातून' यंत्राच्या आधी सरकारी पत्रकांत होतं, ते माणसांनीच लिहिलं होतं. त्याचं खापर यंत्रावर फोडू नका.

आणि खर्डेकाका, तुमच्याच बोलण्यातून निघतंय की तक्रार यंत्राची नाही, ४० पैशांची आहे. तीन रुपये मागा. अडखळण्याचे.

कच्चा खर्डा
मागितले होते. दुसरा कोणीतरी ३० पैशांत करतो म्हणाले.

गॅलीप्रूफ
ते राहू द्या. त्या 'खेरीज'चं काय झालं? गेलं का छापायला?

कच्चा खर्डा
दुरुस्त करून पाठवलं. दुसऱ्या दिवशी मेल आली, की उलट भाषांतर आधीच शंभर टक्के जुळत होतं, मग या ओळीत बदल कशासाठी केला याचं कारण तक्त्यात भरा, अन्यथा त्या शब्दाचे पैसे धरले जाणार नाहीत. तक्त्यात कारणाला तीन पर्याय होते: शैली, विरामचिन्ह, ग्राहकाची पसंती. मी 'शैली' भरलं.