'वी विल रॉक यू'मधलं धप-धप-टाळी: मूळ रेकॉर्डिंग कसं केलं होतं?

पेठेतला_पंच
सदाशिव पेठेतल्या शालेय कबड्डी स्पर्धेत संघ मैदानात उतरताना वाजवायला मिनिटभराचा ठेका रेकॉर्ड करायचाय. दोनदा पाय, एकदा टाळी, 'वी विल रॉक यू'च्या धर्तीवर. माणसं सहा, माइक दोन, लॅपटॉप. एकच टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) पन्नास ट्रॅकवर कॉपी करून थोडा थोडा सरकवून पाहिला, तर गर्दी वाटायच्या ऐवजी पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा आवाज येतो. मूळ गाण्यात स्टेडियममधली खरी गर्दी आहे का? आणि ड्रम कुठला?

जुनी_तबकडी
गर्दी नाही, ड्रम नाही, बासही नाही. १९७७ साली उत्तर लंडनमधल्या वेसेक्स स्टुडिओत हे रेकॉर्ड झालं. वास्तू जुनी, चर्चची. तिथे पडलेल्या जुन्या फळ्या एकावर एक रचून क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या मंडळींनी त्यावर पाय आपटले, टाळ्या वाजवल्या आणि तेच पुनःपुन्हा टेपवर चढवत गेले.

ठेका सुचला क्वीनचे गिटारवादक ब्रायन मे यांना. त्याच वर्षी स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमधल्या कार्यक्रमानंतर प्रेक्षकांनी आपण होऊन 'यू'ल नेव्हर वॉक अलोन' गायला सुरुवात केली. दाटीवाटीने उभ्या माणसाला करता येण्यासारखं काय, तर पाय आपटणं, टाळी आणि गाणं. नेमकं तेवढंच या गाण्यात आहे. गिटार येते ती शेवटच्या अर्ध्या मिनिटात, आणि तिचा अखेरचा तुकडा तीनदा ऐकू येतो तो टेपचा लूप आहे (तोच तुकडा फिरवून लावलेला), तीनदा वाजवलेला नाही. सिंगलवर (दोन गाण्यांच्या तबकडीवर) हे गाणं मागच्या बाजूला होतं, पुढे 'वी आर द चॅम्पियन्स'. रेडिओवाल्यांनी दोन्ही लागोपाठ वाजवून जोडी जमवली.

ध्वनिमिस्त्री
पत्र्याच्या डब्याचं कारण साधं आहे. एकच टेक २०, ४०, ६० मिलिसेकंद असा समान अंतराने सरकवला की त्या अंतराचाच एक सूर तयार होतो. २० मिलिसेकंद म्हणजे ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी. कान त्याला गर्दी समजत नाही, नळी समजतो.

मे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी (अर्धवट सोडलेली पीएचडी त्यांनी २००७ मध्ये इम्पीरियल कॉलेजातून पूर्ण केली). त्यांनी विलंब मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवले, म्हणजे एकाच्या पटीत दुसरा बसत नाही आणि सूर धरला जात नाही. प्रत्येक विलंब म्हणजे एक अंतर. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणून २९ मिलिसेकंद उशिरा आलेली टाळी दहा मीटरवरच्या माणसाची वाटते, ८३ची जवळजवळ २९ मीटरवरच्याची.

तुमच्यासाठी:

पाय आणि टाळ्या वेगवेगळ्या रेकॉर्ड करा. एकत्र घेतल्या की दोघांना वेगळा विलंब देता येत नाही. वेग मिनिटाला ८१ ठोके. क्लिक (वेग धरायला लावलेली टकटक) फक्त एकाच्या हेडफोनमध्ये द्या, बाकीच्यांनी त्याच्या हाताकडे बघायचं. सहा हेडफोनमधून क्लिक माइकात झिरपते आणि शांत जागांत टकटक ऐकू येते.

सहा जणांचे आठ टेक घ्या, म्हणजे अठ्ठेचाळीस माणसं झाली. दर टेकला जागा बदला. बूटही बदला: कडक तळ्याचा बूट लाकडाचा 'टक्' देतो, रबरी तळ्याचा नुसता 'थप्'. टाळ्यांमध्ये निम्म्यांनी तळवे खोलगट, निम्म्यांनी सपाट ठेवायचे. एक माइक तीन फुटांवर, दुसरा दहा-बारा फुटांवर उंच. पातळी उणे १२ डेसिबलच्या वर नको, टाळीचं टोक फार पटकन फुटतं.

मग आठ टेक ०, १७, २९, ४३, ६१, ७१, ८३ आणि १०१ मिलिसेकंद सरकवा. फीडबॅक (उशिरा आलेला आवाज पुन्हा पुन्हा फिरवणं) शून्य, कारण इथे प्रतिध्वनी नकोय, एका माणसाचा एकच ठोका हवाय. जितका उशीर तितका टेकचा आवाज कमी आणि वरच्या पट्टीत किंचित मंद करा, लांबचा माणूस तसाच ऐकू येतो. १०१च्या पुढे गेलात तर गर्दी फुटून 'टाळी-टाळी' अशी दुहेरी ऐकू येईल.

पेठेतला_पंच
फळ्या कुठल्या घ्याव्यात? आणि वाजणार आहे शाळेच्या भोंग्यांवर.

ध्वनिमिस्त्री
मांडववाल्याकडच्या स्टेजच्या फळ्या चालतील. खाली दोन इंची पट्ट्या घालून पोकळी ठेवा. थेट शहाबादी फरशीवर ठेवल्यात तर फळी घुमतच नाही. सैल खिळा असेल तर आधी ठोकून घ्या, नाहीतर अठ्ठेचाळीस वेळा खुळखुळेल. तळमजल्याचा हॉल बघा, पंखे बंद.

भोंगा ही खरी अडचण. त्याला सुमारे ३०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच झेपत नाही, त्यामुळे तुमचा 'धप्' मैदानावर गायब होऊन नुसत्या टाळ्या उरतील. लाकडाचा 'टक्' ५०० ते २००० हर्ट्झमध्ये असतो, तो उचलून धरा. जमलं तर त्या दिवसापुरते दोन साधे स्पीकर भाड्याने आणा. मिक्स मोनोमध्येच (डावा-उजवा आवाज एकत्र करून) तपासा, कारण भोंगे मोनो असतात आणि डाव्या-उजव्या बाजूला पसरवलेले विलंब तिथे एकमेकांवर येतात.

जुनी_तबकडी
एक राहिलं. गर्दी भरायला ढोल मिसळायचा मोह पुण्यात कुणालाही होईल, पण मिसळू नका. ढोलाची घुमक पुढच्या ठोक्यापर्यंत रेंगाळते आणि टाळीनंतरची रिकामी जागा भरून टाकते. मैदानातली पोरं ओरडतात ती त्याच जागेत.