टोरंटोच्या सायकल मार्गिका काढाव्यात का?

मुक्काम टोरंटो

कॅनडातील ओंटारियो प्रांताच्या डग फोर्ड सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून टोरंटोतील ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या तीन रस्त्यांवरील सायकल मार्गिका काढण्याचा मार्ग मोकळा केला. मोटारींची मार्गिका कमी करून नवी सायकल मार्गिका आखायची असेल, तर कोणत्याही शहराला प्रांताची परवानगी घ्यावी लागेल, अशी तरतूदही त्याच कायद्यात होती. त्याविरुद्ध सायकलस्वारांची एक संघटना आणि दोन नागरिक न्यायालयात गेले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांना मनाई हुकूम मिळाला आणि ३० जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती पॉल शाबास यांनी जीविताच्या हक्काच्या आधारे या मार्गिका काढणे घटनाबाह्य ठरवले. सरकारने त्यावर अपील केले.

माझ्या मते या मार्गिका राहिल्या पाहिजेत. कोंडी कमी व्हावी म्हणून त्या काढायच्या, असे सरकार सांगते. परंतु त्या काढल्याने कोंडीत फारसा फरक पडणार नाही आणि अपघात मात्र वाढू शकतात, असा सल्ला सरकारला त्याच्याच सल्लागारांकडून मिळाला होता, हे न्यायालयासमोर आले. शिवाय या शहराने हा प्रयोग एकदा करून पाहिलेला आहे. जार्विस स्ट्रीटवर २०१० मध्ये आखलेल्या सायकल मार्गिका २०१२ मध्ये, डग फोर्ड यांचे बंधू रॉब फोर्ड महापौर असताना, पुसून टाकण्यात आल्या. त्यानंतर जार्विसवरून गाडी भरधाव जाऊ लागली, असे म्हणणारा मला अजून कोणी भेटलेला नाही.

एटोबिकोकर

आपण तिन्ही रस्ते एकाच मापाने मोजत आहात, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. शहराच्या मध्यभागातला ब्लूर आणि शहराच्या पश्चिम भागातल्या आमच्या एटोबिकोतला ब्लूर हे नावाने एक असले तरी रस्ते म्हणून वेगळे आहेत. मध्यभागात दुकाने आणि घरे खेटून आहेत, विद्यापीठ आहे, तरुण वस्ती आहे. आमच्याकडे वस्ती विरळ आहे, घरे रस्त्यापासून आत आहेत, आणि आईवडिलांना डॉक्टरांकडे किंवा मुलांना हॉकीच्या सामानासह सरावाला नेताना मोटारीवाचून गत्यंतर नसते. जानेवारीत उणे पंधरा तापमानात रिकामी पडलेली मार्गिका आणि तिच्या शेजारी एका रांगेत खोळंबलेल्या गाड्या हे दृश्य आम्ही रोज पाहतो. ब्लूरच्या जवळून भुयारी रेल्वे जाते आणि ओल्ड मिल, रॉयल यॉर्क, इस्लिंग्टन, किपलिंग अशी स्थानके ओळीने आहेत, म्हणजे ज्याला मोटार नको आहे त्याच्यासाठी त्याच रस्त्याजवळ उत्तम सोय आहे. मग रस्ताही अरुंद कशासाठी करायचा?

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. महापालिकेने मत विचारले ते निर्णय झाल्यावर, अशी आमच्या भागात सार्वत्रिक भावना आहे. प्रांताचा हस्तक्षेप मलाही आवडत नाही, पण महापालिका ऐकत नसेल तर माणूस वरच्या दारी जाणारच.

मुक्काम टोरंटो

रेल्वेचा मुद्दा मला उलट बाजूने पटतो. या तिन्ही रस्त्यांच्या खालून किंवा जवळून भुयारी रेल्वे जाते, म्हणूनच तिथले बहुतेक गिऱ्हाईक मोटारीतून येत नाही. मध्य ब्लूरवर २०१६ मध्ये प्रायोगिक मार्गिका झाल्या. वर्षभराने महापालिकेने मोजणी केली तेव्हा सायकलस्वार ४९ टक्क्यांनी वाढलेले आढळले आणि त्या पट्ट्यातील ग्राहकांची ये-जा व खर्चही वाढल्याचे दिसून आले. संध्याकाळच्या गर्दीत मोटारींना सरासरी चार मिनिटे अधिक लागू लागली, हेही त्याच अहवालात आहे आणि ते मी लपवत नाही. त्या चार मिनिटांच्या बदल्यात रस्ता अधिक सुरक्षित होत असेल तर तो सौदा मला मान्य आहे. २०२४ या एका वर्षात टोरंटोत सहा सायकलस्वार रस्त्यावर मरण पावले.

वकिली चष्मा

सायकल मार्गिका असाव्यात असेच माझेही मत आहे, तरीही हा निकाल मला अस्वस्थ करतो. रस्त्यावर कोणाला किती जागा द्यायची हा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मतदारांनी द्यायचे असते. फोर्ड यांनी हा विषय लोकांपुढे उघडपणे मांडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पुन्हा बहुमताने निवडून आले. उद्या एखाद्या महापालिकेने पदपथ दोन फुटांनी कमी केला किंवा सिग्नल हलवला, तर प्रत्येक वेळी जीविताच्या हक्काचा दावा दाखल होणार का? असे झाले तर पालिका प्रयोगच करणार नाहीत, कारण एकदा केलेली गोष्ट मागे घेता येणार नाही, ही भीती अभियंत्यांच्या मनात बसेल. सायकलप्रेमींनी या धोक्याचा विचार केलेला दिसत नाही.

सातारी कंदी

निकाल इतका व्यापक नाही. सायकल मार्गिका बांधणे हे सरकारचे घटनात्मक कर्तव्य आहे, असे न्यायमूर्तींनी म्हटलेले नाही. अस्तित्वात असलेले संरक्षण काढून घेतल्याने माणसे जखमी होतील किंवा मरतील हे सरकारला माहीत आहे आणि ज्या उद्देशासाठी ते काढले जात आहे तो उद्देशही त्यातून साध्य होत नाही, तेव्हा ती कृती मनमानी ठरते, एवढाच त्यांचा युक्तिवाद आहे. कोंडी खरोखर कमी होईल असा पुरावा सरकारने दिला असता, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. आपल्या सिग्नलच्या उदाहरणात असा पुरावा असेल, तर दावा टिकणार नाही.

या चर्चेत आणखी एका वर्गाचा उल्लेख व्हायला हवा. या मार्गिकांवरून खाण्याचे डबे पोचवणाऱ्यांमध्ये भारतातून शिकायला आलेली मुले मोठ्या संख्येने आहेत. विजेच्या सायकलीवर, पाठीला चौकोनी पिशवी लावून, बर्फातही ती धावत असतात. एटोबिकोकरांना जी मार्गिका जानेवारीत रिकामी दिसते, तिच्यावरूनच बहुधा त्यांचे रात्रीचे जेवण येत असावे.

कोथरूडकर

टोरंटोचा मला अनुभव नाही, पुण्याचा मात्र आहे. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, जंगली महाराज रस्ता नव्याने बांधताना सायकल ट्रॅकही केला. इथे ट्रॅक काढून टाकण्यासाठी कायदा करावा लागत नाही. त्यावर दुचाकी लागतात, मध्येच विजेची पेटी येते, पुढच्या चौकात ट्रॅक संपतो आणि सायकलस्वार आपोआप बसच्या चाकांपुढे येतो. काही वर्षांनी “वापरत कोण आहे?” असे विचारून उरलेली जागाही घेता येते. म्हणून मार्गिका रिकामी दिसते, या युक्तिवादाकडे मी संशयाने पाहतो. ती कुठून सुरू होते आणि कुठवर सलग जाते, हे विचारल्याशिवाय रिकामेपणाला अर्थ नाही.

एटोबिकोकर

जेवण मी स्वतः जाऊन आणतो, तेव्हा तो टोमणा परत घ्यावा. सलगतेचा मुद्दा मात्र योग्य आहे आणि आमच्या भागात सायकलींचे जाळे तुटक आहे, हे मला मान्य आहे. त्यावरून मी वेगळा निष्कर्ष काढतो: जाळे पूर्ण होईपर्यंत मुख्य रस्त्याऐवजी समांतर निवासी रस्त्यांवरून सायकली न्याव्यात.

युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूबाबत मी हट्ट धरत नाही. तो इतका रुंद आहे की तिथे दोघांनाही जागा मिळते, आणि मोटारींची मार्गिका परत आणूनही सायकलींची जागा राखण्याची जी बोलणी महापौर ऑलिव्हिया चाऊ आणि प्रांत सरकार यांच्यात झाली, ती तिथे यशस्वी व्हावीत. एटोबिकोतल्या ब्लूरवर तेवढी रुंदी नाही. तिथे दोघांपैकी एकालाच निवडावे लागेल, आणि ती निवड त्या रस्त्यावर राहणाऱ्यांनी करावी, न्यायाधीशांनी नव्हे. मार्गिका काढण्याचा खर्च महापालिकेने ४.८ कोटी डॉलर सांगितला आणि प्रांताने तो आकडा नाकारला. तो खरा मानला तरी माझे मत बदलत नाही.

मुक्काम टोरंटो

समांतर रस्ते कोणते, ते नावानिशी सांगावे. मिमिको ओढा आणि हंबर नदी ओलांडायला जिथे पूल आहे, असा ब्लूरला जवळचा आणि शांत रस्ता मला नकाशावर सापडत नाही.